जुना अल्बम स्ट्रीमिंगवर पुन्हा आणताना

लेबलशी केलेला करार संपला, डिस्ट्रिब्युटर (गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोचवणारी कंपनी) बदलायचाय, मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) नव्यानं करून घेतलंय, नाहीतर जुन्या आठ गाण्यांना दोन नवी जोडायची आहेत. अल्बम पुन्हा प्रसिद्ध करायची कारणं अशी निरनिराळी असतात, पण घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी होतो. गाण्याची ओळख स्ट्रीमिंग सेवांना कोडावरून, नावांवरून, लांबीवरून आणि खुद्द फाइलवरून पटते. ओळख पटली, तर इतक्या वर्षांत जमलेले प्ले आणि लोकांच्या प्लेलिस्टमधली जागा नव्या प्रतीला मिळते. नाही पटली, तर तेच गाणं शून्यावर येऊन बसतं आणि श्रोत्यांच्या यादीत राखाडी होऊन पडतं. म्हणून अपलोडचं बटण दाबायच्या आधीच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

तीच प्रत की नवी, हे आधी ठरवा

दोन कोड समजून घेतले की निम्मा गुंता सुटतो. आयएसआरसी हा एका ध्वनिमुद्रणाचा कोड. त्यात बारा अक्षरं-आकडे असतात: पहिली पाच कोड देणाऱ्याची ओळख, पुढचे दोन आकडे कोड दिला त्या वर्षाचे आणि शेवटचे पाच क्रमांकाचे. यूपीसी हा अख्ख्या रिलीजचा, म्हणजे अल्बम नावाच्या वस्तूचा कोड. तो बारा आकड्यांचा असतो आणि त्याचंच तेरा आकड्यांचं रूप म्हणजे ईएएन. आयएसआरसी गाण्याला जन्मभर चिकटलेला असतो. लेबल बदलो, मालक बदलो, तो बदलत नाही.

यावरून तीन वाटा निघतात.

फक्त डिस्ट्रिब्युटर बदलतोय, फाइल आणि गाण्यांचा क्रम जसाच्या तसा आहे: सगळे आयएसआरसी जुनेच आणि यूपीसीही जुनाच. नव्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये हे दोन्ही कोड स्वतः भरता येतात का, ते पैसे भरण्याआधी बघा. काही ठिकाणी यूपीसी त्यांचाच घ्यावा लागतो. तेवढं एक वेळ चालेल, पण आयएसआरसी स्वतःचा घालू देत नसतील तर तिथे जाऊच नका.

बोनस गाणी जोडून विस्तारित आवृत्ती काढताय: यूपीसी नवा, जुन्या गाण्यांचे आयएसआरसी जुने, नव्या गाण्यांना नवे.

रीमिक्स, नवं एडिट, नव्यानं गायलेलं किंवा वाजवलेलं, लाइव्ह: आयएसआरसी नवा आणि यूपीसीही नवा. लांबीत दहा सेकंदांहून जास्त फरक पडला, तरी आयएसआरसी नवाच.

रीमास्टरिंगपाशी सगळे अडतात. नुसती पातळी वर-खाली केली किंवा सुरुवातीची दोन सेकंदांची शांतता छाटली, तर ते जुनंच ध्वनिमुद्रण समजायचं. ईक्यू (सूर-पट्ट्यांचा तोल), कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणं), खरखर काढणं असं कानाला कळेल इतकं काम झालं असेल, तर नवा कोड द्यायचा. इथे मोह होतो की आवाज नवा पण कोड जुना घालू, म्हणजे आकडे टिकतील. तसं केलं की सेवेकडे एकाच कोडाखाली दोन वेगळ्या फाइली जातात. श्रोत्याला नेमकी कोणती ऐकू येईल यावर तुमचा ताबा राहत नाही, आणि कोणत्या मास्टरला (अंतिम ध्वनिमुद्रणाला) किती पैसे आले हे रिपोर्टवरून कधीच वेगळं काढता येत नाही. मास्टर दोघांच्या मालकीचे असतील तर पुढे हाच वाद उभा राहतो.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. फाइल तीच असताना डिस्ट्रिब्युटरनं आपोआप दिलेला नवा आयएसआरसी घेतला, की प्ले विभागले जातात. स्पॉटिफायवर २०२४पासून नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झालेल्या ट्रॅकलाच ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळते. समजा एका गाण्याला वर्षाला १,४०० स्ट्रीम मिळतात. दोन कोडांत ते ८०० आणि ६०० असे फुटले, तर दोन्ही ट्रॅक रेषेखाली जातात आणि हातात काहीच येत नाही. छोट्या कलाकाराच्या अल्बममधली पुष्कळ गाणी याच पट्ट्यात असू शकतात, म्हणून हा हिशेब आधीच मांडून बघा.

रीमास्टर काढल्यावर जुनी आवृत्ती ठेवायची की उतरवायची? तिला अजून रोज श्रोते मिळत असतील तर ठेवा. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी राहायला काहीच हरकत नाही. जुन्या आवृत्तीत खरोखर दोष असेल, म्हणजे चॅनल उलटे लागलेत किंवा एखाद्या गाण्याचा शेवट तुटलाय, तर उतरवा.

हक्क

प्रत्येक गाण्यामागे दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, आणि ध्वनिमुद्रणाचा. पुन्हा रिलीज करायला दोन्ही मोकळे असावे लागतात. जुन्या करारात तीन कलमं शोधा: मुदत कधी संपते, किती दिवस आधी नोटीस द्यायची, आणि मुदत संपल्यावर मास्टर आपोआप परत येतात की लेखी मागावे लागतात. परत आल्याचं पत्र किंवा ईमेल पीडीएफ करून ठेवा. नवा डिस्ट्रिब्युटर ‘हे गाणं आधीच उपलब्ध आहे’ म्हणून अडवतो, तेव्हा हाच कागद पुढे करायचा असतो.

बाकी चार गोष्टी नजरेतून सुटतात. भाड्यानं घेतलेल्या बीटच्या (तयार वाद्यसंगीताच्या) परवान्यात स्ट्रीमची कमाल संख्या किंवा मुदत लिहिलेली असते. कव्हर गाण्याचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्यानं गायल्याचा, परवाना जुन्या डिस्ट्रिब्युटरमार्फत घेतला असेल, तर तो तिथला रिलीज उतरताच संपू शकतो. सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेल्या तुकड्याची, परवानगी कधी कधी ठरावीक आवृत्तीपुरतीच असते. आणि अल्बमच्या मुखपृष्ठावरचा फोटो फक्त सीडीसाठी घेतलेला असू शकतो. फोटोग्राफरला एक ईमेल टाकून लेखी होकार घ्या.

कोडांचा तक्ता

एक स्प्रेडशीट उघडा. गाणं तितक्या ओळी, आणि रकाने असे: क्रमांक, शीर्षक, आवृत्ती, मुख्य कलाकार, पाहुणे कलाकार, गीतकार, संगीतकार, आयएसआरसी, लांबी मिनिट-सेकंदांत, एक्सप्लिसिट (शिवराळ किंवा प्रौढांसाठीचे शब्द) आहे की नाही, फाइलचं नाव. वर एका ओळीत यूपीसी, मूळ प्रकाशनाची तारीख आणि हक्कांच्या दोन ओळी.

आयएसआरसी जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या डॅशबोर्डवर दिसतो, नाहीतर रॉयल्टी रिपोर्टच्या सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये प्रत्येक ओळीला असतोच. लेबल गायब झालंय, कोणी फोन उचलत नाही अशी वेळ आली, तर आयएफपीआय या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या जागतिक संस्थेच्या आयएसआरसी शोध-पानावर कलाकार आणि गाण्याच्या नावानं शोधा. आधी स्ट्रीमिंगवर गेलेलं बहुतेक काही तिथे सापडतं.

ती सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल यूपीसीला संख्या समजतं. सुरुवातीचं शून्य गिळतं, किंवा पूर्ण कोड १.९५ई+११ अशा घातांकात दाखवतं. त्या अवस्थेत फाइल पुन्हा सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. फाइल ‘डेटा इम्पोर्ट’नं उघडा आणि कोडाच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा. बाराच्या जागी अकरा आकडे दिसले तर पुढे शून्य गळलंय हे ओळखा. तेरा दिसले आणि पहिला शून्य असेल, तर तो ईएएन आहे. ते शून्य काढलं की तोच यूपीसी.

आयएसआरसी हातानं टाइप करू नका, कॉपी करा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल इतकी सहज होते की डोळ्यांना कळतही नाही. कागदावर कोड हायफनसह छापलेला असतो, पण हायफन हा कोडाचा भाग नाही. फॉर्ममध्ये सलग बारा अक्षरं जातात.

फाइली

डिस्ट्रिब्युटरला वेव्ह किंवा फ्लॅक द्या, १६ किंवा २४ बिट. मूळ मास्टर ज्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची जितकी मापं घेतली त्या संख्येला) आहे त्याच रेटला ठेवा. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडी मास्टरला ओढून २४ बिट, ९६ केल्यानं आवाजात काही भर पडत नाही, नुसतीच फाइल फुगते. ॲपल डिजिटल मास्टर्सचा शिक्का हवा असेल तर खरा २४ बिटचा मास्टर लागतो. वर ओढलेला चालत नाही.

ओळख पटण्यासाठी शक्य असेल तर आधी अपलोड केलेलीच फाइल शोधा. हार्ड डिस्कवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ अशा तीन फाइली सापडतात तेव्हा तारखेवर विसंबू नका. प्रत्येकीची लांबी सेवेवर दिसणाऱ्या लांबीशी ताडून बघा. सुरुवातीची शांतता अर्ध्या सेकंदानं वेगळी असली तरी एक गंमतशीर दिसणारी पण त्रासदायक गोष्ट होते: वेळ लावलेले गाण्याचे शब्द स्क्रीनवर गाण्याच्या पुढे किंवा मागे धावू लागतात.

मूळ मास्टर हरवलाय आणि जवळ फक्त एमपी३ आहे, अशी वेळ आली तर आधी सीडी शोधा. अगदी चाहत्याकडची सीडीसुद्धा चालेल. चुका तपासणाऱ्या रिपरनं ती वेव्हमध्ये काढा. एमपी३ला वेव्ह करून पाठवलं तर दोन ठिकाणी पकडले जाता. पहिलं, स्पेक्ट्रममध्ये: १२८ केबीपीएसच्या फाइलचा वरचा भाग साधारण १६ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखा सपाट दिसतो. दुसरं, जोडलेल्या गाण्यांमध्ये: एमपी३ एन्कोडर आणि डिकोडर मिळून सुरुवातीला सुमारे हजार सॅम्पलची, म्हणजे जवळपास २५ मिलिसेकंदांची, शांतता घालतात. एका गाण्यातून दुसऱ्यात सलग जाणारा अल्बम असेल, तर प्रत्येक जोडावर बारीक उचकी ऐकू येते. वर सेवा तीच फाइल पुन्हा दाबतात, ऑग व्हॉर्बिसमध्ये किंवा एएसीमध्ये. दाबलेल्यावर दाबलेलं झालं की आधी झांजा आणि ‘स’चे उच्चार फाटतात.

सॅम्पल रेटची गफलतही नीट ओळखायला शिका. ४४.१ची फाइल ४८च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता टाकली आणि तशीच बाहेर काढली, तर गाणं जवळजवळ दीड सेमीटोन (अर्धस्वर) वर चढतं आणि चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत आटपतं. कानाला ‘जरा टवटवीत’ वाटून ही चूक निसटते. लांबीच्या रकान्यात मात्र ती लगेच दिसते, म्हणून तो रकाना हवाच.

नवं मास्टरिंग करत असाल तर आवाजाची पातळी हा पहिला निर्णय. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला −१४ एलयूएफएसला (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वाजवतं आणि ॲपलचं साउंड चेक −१६च्या आसपास. याचा अर्थ मास्टर नेमका −१४ला असलाच पाहिजे असा नाही. −९चा मास्टर दिला तर सेवा तो पाच डीबीनं खाली आणते, इतकंच. पण लिमिटरनं (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनानं) चेपलेले ढोल-तबल्याचे आघात खाली आणल्यावरही चेपलेलेच राहतात, आणि मग शेजारचं मोकळं गाणं जास्त भरदार वाटतं. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर) −१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. मास्टर −१४हून मोठा असेल तर −२ ठेवा, कारण दाबण्याच्या प्रक्रियेत शिखरं थोडी उसळतात आणि कडा फुटतात.

प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे −१४ला आणायचा हट्टही नको. अल्बम सलग ऐकला जातो तेव्हा स्पॉटिफाय सगळ्या अल्बमला एकच पातळी लावतं आणि गाण्यांमधला आपसातला फरक राखतं. हळुवार गाणं हळूच असू द्या.

जुन्या सीडीवर शेवटच्या गाण्यानंतर पाच मिनिटं शांतता आणि मग लपवलेलं गाणं असायचं. स्ट्रीमिंगवर लोक त्या शांततेत निघून जातात. ते वेगळं काढा, पण मग शेवटच्या गाण्याची लांबी बदलते. त्यामुळे त्या गाण्यालाही नवा आयएसआरसी आणि लपलेल्या गाण्यालाही नवा. डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या आवाजाचं) मिक्स जोडणार असाल तर त्याला स्टीरिओपेक्षा वेगळा आयएसआरसी लागतो, आणि लांबी स्टीरिओशी जुळवावी लागते.

नावं, तारखा आणि कलाकाराचं पान

ओळख बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रोमन लिपीतलं स्पेलिंग. मराठी नावाला रोमनमध्ये एकच रूप नसतं. पहिल्या वेळी ‘आ’साठी एकच ए लिहिला, या वेळी दोन लिहिले; ‘व’ला आधी व्ही, आता डब्ल्यू. आपल्याला दोन्ही तेच वाटतं. यंत्राला ते दुसरं शीर्षक आणि कधी कधी दुसरा कलाकार वाटतो. जुन्या आवृत्तीशी जोडायचं असेल तर जुनं स्पेलिंग, चुकलेलं असलं तरी, अक्षरशः तसंच भरा: स्पेस, जोडरेषा, अवतरणचिन्ह यांसकट. दोन्ही प्रती जोडल्या गेल्याची खात्री झाली की मग दुरुस्ती पाठवा. देवनागरी शीर्षकालाही हेच लागू. आधी रोमनमध्ये होतं तर पहिल्या अपलोडला रोमनच ठेवा, आणि दुसऱ्या लिपीतलं नाव भरायचा वेगळा रकाना डिस्ट्रिब्युटरकडे आहे का ते विचारा.

‘रीमास्टर्ड’, ‘लाइव्ह’, ‘अकूस्टिक’ हे शब्द शीर्षकात नव्हे, आवृत्तीच्या रकान्यात जातात. पाहुण्या गायिकेचं नाव शीर्षकात कंसात टाकलं तर ते तिच्या पानावर दिसत नाही. तिला पाहुण्या कलाकाराच्या रकान्यातच घाला. गीतकार-संगीतकारांची नावं पूर्ण द्या, टोपणनाव नको.

कलाकाराचं पान नावावरून ठरू देऊ नका. स्पॉटिफायवर तुमच्या पानाचा यूआरआय (ओळखपत्ता) आणि ॲपलवर आयडी असतो. अपलोडच्या वेळी ‘मी आधीच या सेवांवर आहे’ हा पर्याय निवडून दोन्ही चिकटवा. हे राहिलं तर तुमच्याच नावाचं दुसरं, रिकामं पान तयार होतं, किंवा अल्बम तुमच्या नावाच्या दुसऱ्याच कुणाच्या पानावर जातो. अल्बममध्ये चार पाहुणे असतील तर चौघांचेही आयडी लागतात.

तारखेचे रकाने दोन असतात. ‘मूळ प्रकाशनाची तारीख’ म्हणजे अल्बम पहिल्यांदा बाहेर आला ती तारीख, सीडी असो वा कॅसेट. ‘रिलीजची तारीख’ म्हणजे या वेळची. तीच प्रत हलवताना मूळ तारीख नक्की भरा, नाहीतर बारा वर्षांपूर्वीचा अल्बम तुमच्या पानावर या महिन्याचा म्हणून सगळ्यात वर येतो आणि त्याच्यामागे खरं नवं काम झाकलं जातं. गोलातल्या पीची ओळ ध्वनिमुद्रणाच्या हक्काची, गोलातल्या सीची कव्हर वगैरे बाकी मजकुराची. वर्ष पहिल्या प्रकाशनाचंच राहतं. मास्टर लेबलकडून तुमच्याकडे आले असतील तर नाव तेवढं तुमचं. रीमास्टरला मूळ वर्ष पुसू नका, दोन्ही वर्षं लिहायची पद्धत आहे.

कव्हर

चौकोनी, ३००० × ३००० पिक्सेल, जेपीईजी किंवा पीएनजी, आरजीबी. छपाईची फाइल सीएमवायके असते. ती तशीच पाठवली तर परत येते, किंवा रंग भडक होतात. वेबसाइटचा पत्ता, सोशल मीडियाची खूण, क्यूआर कोड, किंमत, सेवांचे लोगो, ‘सीडी’ असा शब्द यांपैकी काहीही असलं तर कव्हर नाकारलं जातं. कव्हरवरचं नाव फॉर्ममधल्या नावाशी जुळलं पाहिजे.

मूळ फाइल नसेल तर छापील कव्हर स्कॅन करा. सीडीचं पुस्तक १२ सेंटिमीटरचं असतं. ६०० डीपीआयला त्याचे जेमतेम २,८३५ पिक्सेल होतात. म्हणून १,२०० डीपीआयला स्कॅन करून खाली आणा. छपाईचे ठिपके आडव्या-तिरप्या लहरींसारखे उमटतात. स्कॅनरचं ‘डीस्क्रीन’ चालू ठेवलं की त्या जातात. मोबाइलनं काढलेला फोटो मोठा करून पाठवू नका.

आधी नवं चढवा, मग जुनं उतरवा

हा क्रम उलटा झाला तर मधल्या काळात गाणी कुठेच नसतात, प्लेलिस्ट बनवणारे राखाडी गाणी काढून टाकतात, आणि ती पुन्हा कुणी घालत नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरची वार्षिक वर्गणी असेल तर ती संपताच गाणी आपोआप उतरतात. ती तारीख बघा आणि किमान एक महिना आधी काम सुरू करा.

१. सुरुवातीला जुन्या आवृत्तीचा पुरावा जमवा: प्रत्येक गाण्याच्या एकूण प्लेचे स्क्रीनशॉट, स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधली प्लेलिस्टची यादी, सगळे रॉयल्टी रिपोर्ट.

२. नव्या डिस्ट्रिब्युटरकडे अपलोड करा. नुसतं स्थलांतर असेल तर लवकरात लवकरची तारीख घ्या. विस्तारित आवृत्ती किंवा रीमास्टर असेल तर तीन-चार आठवडे पुढची, शक्यतो शुक्रवारची; जगभर नवं संगीत २०१५पासून शुक्रवारी येतं.

३. दोन्ही प्रती काही दिवस एकत्र दिसू द्या. घाबरायचं कारण नाही. प्रत्येक गाण्याचा प्लेचा आकडा नव्या प्रतीवर आलाय का, ते एक-एक करून बघा. एक गाणं जुळलं म्हणजे सगळी जुळली असं होत नाही.

४. सगळं जुळल्यावरच जुन्याकडे उतरवण्याची विनंती करा. त्याला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लागतात आणि सगळ्या सेवांवरून ते एकाच वेळी होत नाही. खातं बंद करू नका, फक्त रिलीज उतरवा.

आकडा जुळला नाही तर तीनच गोष्टी तपासा: आयएसआरसी अक्षर अन् अक्षर, लांबी सेकंदापर्यंत, शीर्षक-कलाकार-आवृत्ती हे तिन्ही रकाने. चूक सापडली की दुरुस्त करून पुन्हा पाठवा. काहीच सापडलं नाही तर दोन्ही प्रतींच्या लिंक आणि कोडांचा तक्ता देऊन डिस्ट्रिब्युटरला सेवेकडे जोडणीची विनंती करायला सांगा. तोवर जुनी प्रत हलवू नका.

संपादकीय प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर स्पॉटिफायवर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी करावं लागतं, आणि तिथे फक्त अजून बाहेर न आलेली गाणी चालतात. जुन्या गाण्यांवर इथे वेळ घालवू नका. विस्तारित आवृत्तीतलं बोनस गाणं महिनाभर आधी सिंगल म्हणून काढा, ते सुचवा, आणि मग त्याच आयएसआरसीनं अल्बममध्ये घ्या. सिंगलचे प्ले अल्बममधल्या गाण्यालाही दिसतात.

यूट्यूबवर क्रम उलटा

कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओंतली गाणी ओळखून मालकाचा दावा लावणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, एकाच ध्वनिमुद्रणावर दोघांनी मालकी सांगितली की मालकीचा तंटा तयार होतो आणि तो मिटेपर्यंत पैसे अडकतात. म्हणून इथे जुन्या डिस्ट्रिब्युटरनं आधी दावा सोडायला हवा, मगच नव्यानं नोंदवायचा. अपलोडच्या वेळी नव्याकडचा कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवा, जुन्याकडून ‘संदर्भ फाइल काढली’ असा लेखी निरोप घ्या, आणि मग चालू करा. सेवांवरून रिलीज उतरवला म्हणजे दावाही सुटला, असं समजू नका. पुष्कळ ठिकाणी त्याची विनंती वेगळी करावी लागते. विकत मिळणारे तयार लूप वापरलेली गाणी कंटेंट आयडीत घालूच नका. तोच लूप वापरणाऱ्या परक्यांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे जाऊन पडतात.

यूट्यूबच्या ‘टॉपिक’ चॅनलवर नव्या प्रतीचा नवा व्हिडिओ तयार होतो. जुन्याचे व्ह्यूज त्यावर येतील हे गृहीत धरू नका. छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर जुना ऑडिओ वापरलेल्या क्लिप तो उतरल्यावर मूक होऊ शकतात. अशा क्लिप बऱ्याच असतील तर त्या ॲपवरची जुनी प्रत सगळ्यात शेवटी उतरवा.

उतरवल्यानंतर

जुन्या अल्बमची लिंक आता कुठेच जात नाही. वेबसाइट, बायो, जुन्या पोस्ट, छापलेले क्यूआर कोड शोधून बदला. पुढच्या छपाईत थेट सेवेची लिंक न देता स्वतःच्या डोमेनवरून वळवलेली द्या, म्हणजे पुन्हा ही वेळ आली तर एकाच जागी बदल करावा लागेल. स्पॉटिफायवरचे कॅन्व्हास (गाण्यामागे फिरणारे छोटे) व्हिडिओ पुन्हा चढवावे लागतात. गाण्याचे शब्द प्रत्येक ट्रॅकवर दिसतात का आणि वेळेत धावतात का, ते निदान पहिल्या कडव्यापर्यंत ऐकून बघा. प्लेलिस्टची आधी काढलेली यादी समोर घ्या. ज्या प्लेलिस्टमधून गाणं गळलंय तिच्या मालकाला नवी लिंक धाडा.

सेवांचे हिशेब दोन-तीन महिने मागून येतात, त्यामुळे जुन्या खात्यात रिलीज उतरल्यावरही पैसे जमत राहतात. किमान रकमेची अट असेल तर ती गाठण्याआधी खातं बंद केलं की उरलेली रक्कम अडकते. शेवटचा रिपोर्ट शून्य येईपर्यंत थांबा, सगळे सीएसव्ही डाउनलोड करून घ्या, मगच बंद करा.

रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे तुमची गाणी नोंदवलेली असतील तर तिथेही एक काम उरतं. रीमास्टरसाठी नवा आयएसआरसी घेतला असेल, तर तो गाण्याच्या जुन्याच नोंदीला जोडायला सांगा. शब्द आणि चाल बदललेली नाही, त्यामुळे रचनेचा आयएसडब्ल्यूसी कोड तोच राहतो. एका आयएसडब्ल्यूसीखाली दोन आयएसआरसी दिसले की नोंद बरोबर झाली. त्याऐवजी गाण्याची दुसरी नोंद उघडली गेली असेल, तर पुढचा हिशेब निघण्याआधी ती एकत्र करून घ्या.